सीताफळाला कळी भरपूर, सेटिंग मात्र नाही: पाणी कधी सोडावं?

सांगलीच्या खानापूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. तेल्या रोगानं डाळिंब गेलं म्हणून त्यांनी दोन एकर सीताफळ लावलं. बहुतेक झाडं बाळानगर वाणाची, कडेच्या चार ओळी गोल्डन वाणाच्या. बाग पाच वर्षांची आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी शेततळ्यात घेतात, ड्रीप आहे. जानेवारीत छाटणी केली, फेब्रुवारीच्या मध्याला पाणी सोडलं. मार्च-एप्रिलमध्ये झाडं कळीनं लगडली आणि मे संपता संपता झाडावर आठ-दहा फळं उरली, त्यातली निम्मी एका अंगाला चेपलेली. दुकानदारानं बोरॉन दिलं, टॉनिक दिलं, कळी गळते म्हणून दोनदा कीटकनाशक मारायला लावलं. आता ते विचारतात की अजून कोणता फवारा घेऊ, का झाडं काढून केसर आंबा लावू?

भाऊ, झाडं काढू नका. झाडं चांगली आहेत, नाहीतर एवढी कळी निघालीच नसती. तुम्ही विचारलंय कोणता फवारा घेऊ, पण खरा प्रश्न असा आहे की कळी निघाली तेव्हा ती धरायला लागते तशी हवा बागेत होती का. माझ्या मते नव्हती. कळी जमिनीतल्या पाण्यावर निघते, सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ धरणं, मात्र हवेतल्या ओलाव्यावर होतं. तुमच्याकडे पाणी आलं, ते तुम्ही फेब्रुवारीत सोडलं, झाडानं त्याचं काम केलं. हवा तेव्हा तयार नव्हती.

मी खानापूर-आटपाडीच्या शिवेवर २००४ पासून सीताफळ करतो. आधी पावसावर, नंतर पाण्यावर. पाणी आल्यावर पहिली दोन वर्षं मी अगदी तुमच्यासारखंच केलं. एप्रिलमध्ये झाडाखाली गळलेल्या कळ्यांचा सडा पाहून रात्री झोप लागायची नाही. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

आपण डाळिंबवाली माणसं. आंबे बहर, मृग बहर, हस्त बहर हा फुलं कोणत्या हंगामात धरायची याचा हिशेब आपल्या अंगात मुरलेला असतो. डाळिंबाला आंबे बहरात जानेवारी-फेब्रुवारीला पाणी दिलं की कोरड्या हवेत तेल्या दबून राहतो, मधमाश्या येतात, सेटिंग होतं. कोरडी हवा तिथं आपल्या बाजूची असते. सीताफळाला हाच हिशेब लावला की तो उलटा पडतो. हे झाड माळावर पाण्यावाचून तगतं हे खरं आहे. थंडीत पानं टाकून ते विश्रांती घेतं, शेळीसुद्धा त्याच्या पानाला तोंड लावत नाही. पण त्याचं फूल फार नाजूक आहे. झाड दुष्काळ सोसतं, फूल दुपारच्या झळा सोसत नाही.

एकदा फूल हातात घेऊन नीट बघा. खाली तोंड केलेल्या तीन जाड, मांसल पाकळ्या. त्या उचकटल्या की आत मधोमध छोटा शंकू दिसतो, तो स्त्रीकेसरांचा. त्याच्या बुडाशी गोल दाटीनं बसलेले पुंकेसर. दोन्ही एकाच फुलात असूनही एका वेळी कामाला येत नाहीत. पाकळ्या नुसत्या किलकिल्या झालेल्या असतात तेव्हा फूल मादी अवस्थेत असतं. शंकू ओला, चिकट, चकचकीत दिसतो आणि परागकण त्याच वेळी घ्यायची त्याची तयारी असते. पुढं पाकळ्या पूर्ण फाकतात, पुंकेसर सुटे होतात, फूल तळहातावर झटकलं की पिवळसर-करडी पूड पडते. ही नर अवस्था, आणि तोवर शंकू सुकायला लागलेला असतो. म्हणजे एका फुलाची पूड दुसऱ्या, जरा मागं असलेल्या फुलाला पोचावी लागते.

ती पोचवतात कोण? मधमाश्या नाहीत. किलकिल्या पाकळ्यांच्या फटीत मधमाशी शिरत नाही. हे काम करतात दोन-तीन मिलिमीटरचे तपकिरी-काळे भुंगेरे, कुजक्या फळावर बसतात तसले. फुलाच्या आंबूस-गोड वासाला ते येतात, फटीतून आत शिरतात आणि पूड अंगाला लावून बाहेर पडतात. दहा-वीस फुलं फोडून बघा, एखाद्यात सापडतील. एकाही फुलात सापडले नाहीत तर निम्मं उत्तर तुम्हाला तिथंच मिळालं.

आता मार्च-एप्रिलचा आपला माळ डोळ्यासमोर आणा. ३८-४० अंश ऊन, दुपारी धुरळा, पानं हाताला कडक लागतात. अशा हवेत शंकूवरचा चिकट ओलावा दोन-चार तासांत वाळतो. मोसमाच्या सुरुवातीच्या फुलांमधली पूडही कमजोर असते. भुंगेऱ्यांना ओलसर, कुजकी जागा लागते, ते या दिवसांत बागेत नसल्यात जमा. त्यातूनही एखादं फूल धरलं तर अर्धवट धरतं. तुमची चेपलेली फळं हेच सांगतायत. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे त्या शंकूतला एकेक स्त्रीकेसर. ज्या बाजूच्या केसरांना पूड मिळाली त्या बाजूला डोळे फुगले, बिया भरल्या. जिथं मिळाली नाही ती बाजू बसली. असं एक फळ मधोमध कापून बिया मोजा. फुगीर बाजूला बिया असतील, चेपलेल्या बाजूला जवळपास नसतील. खत किंवा बोरॉन कमी पडून असा एकाच बाजूला खड्डा सहसा पडत नाही. वाकडं फळ दिसलं की मी सरळ परागीभवनाकडे बघतो.

यात कीटकनाशकाची भर पडली याचं मला वाईट वाटतं. कळी गळते ती किडीनं नाही, पूड न मिळाल्यानं गळते. त्यावर जहाल औषध मारलं की उरलेसुरले भुंगेरेही गेले. माझ्याकडेही एका वर्षी हेच झालं. पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) दिसला म्हणून ऐन कळीत फवारणी घेतली आणि त्या वर्षी कधी नव्हे एवढं कमी सेटिंग झालं. तेव्हापासून पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त मी कळीच्या आधीच करून ठेवतो. छाटणीनंतर खोडाभोवतीची माती हलवून घेतो, खोडाला चिकटपट्टी बांधतो म्हणजे पिलं वर चढत नाहीत, मुंग्यांची वारुळं मोडतो, कारण मुंग्याच त्यांना जपतात. कळी असताना गरज पडलीच तर लेकॅनिसिलियमसारखी जैविक बुरशी संध्याकाळी, तीही पिठ्या दिसतोय तेवढ्याच झाडांवर.

एक दिलासा. शंभर टक्के कळी धरावी अशी अपेक्षा ठेवू नका. सीताफळात आपसूक होणारं सेटिंग चांगल्या हवेतही शेकडा दहाच्या आतच असतं. झाडावर हजार फुलं आली आणि त्यातली सत्तर-ऐंशी धरली तर पाच-सहा वर्षांच्या झाडाला तो भरपूर माल झाला. त्याहून जास्त धरली तर मी विरळणी करतो. म्हणून झाडाखालचा सडा पाहून घाबरू नका, झाडावर किती राहिली ते मोजा.

मग पाणी कधी सोडायचं? माझं झाड आता असं चालतं. नोव्हेंबरमध्ये माल संपला की पाणी हळूहळू तोडतो. थंडीत पानगळ होते, झाड निजतं. त्याला तसंच निजू देतो, मार्चमध्ये शेजाऱ्याच्या बागेला पालवी दिसली तरी व्हॉल्व्हला हात लावत नाही. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हलकी छाटणी. मेलेल्या, आत वळलेल्या, पेन्सिलीहून बारीक काड्या काढायच्या, उरलेली पानं उतरवायची. मग शेणखत आणि पाणी. सीताफळाची कळी नव्या फुटीवर येते, जुन्या जाड फांदीवरही येते. छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्यात ती जोरात निघते, म्हणजे रोहिणीच्या सुमाराला सुरुवात आणि मृगात ऐन भर.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मृगाचा पाऊस पडतो कुठं? बरोबर आहे. खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तिकडं साताऱ्याच्या माण-खटावला खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरला, परतीचा. जून-जुलैत नुसतं आभाळ आणि वारं. पण सीताफळाच्या सेटिंगला पाऊस पडलाच पाहिजे असं नाही. पश्चिमेचं वारं सुरू झालं, आभाळ झाकोळलं, दुपारचं तापमान ३०-३२ वर आलं, की हवेत जी ओल येते तेवढी फुलाला पुरते. जमिनीतलं पाणी आपलं ड्रीप देतंच. कृष्णाकाठच्या वाळव्याकडे उसाशेजारी बांधावर सीताफळाची एक-दोन झाडं असतात, ती मे महिन्यातही धरलेली मी पाहिलीत. तिथं उसाची गार ओलसर हवा मिळते. तेच झाड आपल्या उघड्या माळावर मेमध्ये रिकामं राहतं. झाड तेच, हवा वेगळी.

ही झाली माझी पद्धत, आणि ती सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. जूनच्या मध्याला धरलेलं फळ चार महिन्यांनी, ऑक्टोबरच्या आसपास तोडणीला येतं. तेव्हा सगळीकडचा माल बाजारात असतो. उलट पुरंदरचा उन्हाळी बहराचा माल जूनपासून पुण्याला यायला लागतो आणि त्याला दर चांगला मिळतो. तो दर पाहूनच आपण फेब्रुवारीत पाणी सोडायचा मोह करतो, हे मला मान्य आहे. उन्हाळी बहर धरता येतो. पण तो धरणारे लोक वर्षानुवर्षांच्या सरावाचे आहेत. त्यांची झाडं दाट, मोठ्या सावलीची असतात, बऱ्याच बागा ओढ्याकाठी असतात, आणि ते बागेत गारवा टिकवायला मेहनत घेतात. आपल्याला ते करायचं असेल तर पश्चिमेच्या बांधाला शेवरीसारखं दाट कुंपण हवं, ओळींमध्ये ताग किंवा धैंचा हवा, जमिनीवर पाचटाचं आच्छादन हवं, आणि कळीच्या दिवसांत संध्याकाळी आणि पहाटे छोट्या तुषारांनी बाग ओली करता आली पाहिजे. एवढं करून वर हातानं परागीभवन. तुमच्या शेततळ्यात एप्रिल-मेमध्ये एवढं पाणी शिल्लक असतं का, हे तुम्हालाच माहीत. योजनेच्या पाण्याची पाळी चुकली तर ऐन फळ वाढताना ताण बसेल, आणि मग फळं लहानपणीच काळी, दगडासारखी कडक होऊन फांदीला लटकून राहतील. म्हणून माझा सल्ला असा: दोन एकरांतला फार तर अर्धा एकर उन्हाळ्यात धरा, तोही घराजवळचा, सावलीचा. उरलेला दीड एकर मृगाच्या हवेवर सोडा.

गोल्डनच्या ओळींचा हिशेब थोडा वेगळा आहे. त्याची कळी लांबते, माल उशिरा येतो आणि तोडल्यावर टिकतोही जास्त, त्यामुळे त्याला लवकर धरण्यात तसाही फायदा नाही. कुणी अर्का सहान लावलं असेल तर त्याच्या आसपास बाळानगर असू द्यावं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं ते संकरित वाण स्वतःच्या पुडीवर फारसं विसंबून चालत नाही, बाळानगरची पूड त्याला मानवते.

आता हाताच्या परागीभवनाबद्दल, कारण तुम्हाला या आठवड्यापासूनच उपयोगी पडेल असं काम हेच आहे. पहाटे उजाडताच बागेत जायचं. पूर्ण फाकलेली, पुंकेसर सुटलेली फुलं तोडून कोरड्या स्टीलच्या वाटीत झटकायची. सकाळी घाई होत असेल तर आदल्या संध्याकाळी उमलायच्या बेतातली फुलं तोडून कागदावर पसरून घरात ठेवायची, सकाळपर्यंत त्यांची पूड सुटते. डबा बंद करू नका, घाम धरला की पूड चिकटून बसते. मग चित्रकलेचा बारीक मऊ ब्रश पुडीत बुडवायचा, किलकिलं फूल डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचं, पाकळी जराशी बाजूला करायची आणि ब्रश शंकूभोवती गोल फिरवायचा. गोल फिरवणं महत्त्वाचं. एकाच बाजूला टेकवला तर फळ वाकडंच येणार. ऊन चढायच्या आत, साडेआठ-नऊपर्यंत काम आटपायचं. सकाळची पूड सकाळीच संपवायची, दुसऱ्या दिवशी ती उपयोगाची नाही.

फुलं निवडून घ्यायची. शेंड्याच्या लवचीक काड्यांवरची सोडायची; खोडाजवळच्या, जाड फांदीवरच्या फुलांना आधी ब्रश लावायचा. तिथलं फळ मोठं होतं आणि वाऱ्यानं फांदीला घासत नाही. एका झाडाला चाळीस-पन्नास फुलं तीन-चार दिवसांच्या फेऱ्यांत झाली तरी पुष्कळ. आमच्याकडे सवय झालेल्या बायका तासाला दीडशे-दोनशे फुलं करतात. त्यांचा हात पुरुषांपेक्षा हलका पडतो, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय, आणि या कामाची मजुरी मी नेहमीच्या खुरपणीपेक्षा जास्त देतो. तेवढं ते कसबाचं काम आहे.

भुंगेऱ्यांना बोलवायचा एक साधा उपायही मी करतो. पिकून उतरलेली केळी, अननसाच्या साली टोपलीत घालून चार-पाच झाडांआड एक अशी सावलीत ठेवतो, वर थोडं पाणी शिंपडतो. आंबूस वासाला भुंगेरे येतात. मात्र झाडावर फळं फुगायला लागली की टोपल्या उचलून लांब पुरायच्या, नाहीतर फळमाशीला आपणच घर करून दिल्यासारखं होईल.

फवाऱ्यांबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंय म्हणून सांगतो. बोरॉन किंवा जिबरेलिक ॲसिड (झाडाच्या वाढीचं संप्रेरक) वाईट नाही. जमिनीत बोरॉनची कमतरता असेल तर ते द्यावं, पण माती परीक्षण करून. जिबरेलिक ॲसिडचा उपयोग धरलेलं फळ टिकायला आणि वाढायला होतो. फुलाला पूडच मिळाली नसेल तर बाटलीतलं काही तिची जागा भरून काढत नाही. आणि नत्र आवरा. डाळिंबाच्या सवयीनं ड्रीपमधून युरिया चालू राहतो, मग पालवी उसळते आणि कळी पिवळी पडून गळते.

आता आंब्याबद्दल. केसर आपल्या माळावर येतो, पण लावल्यापासून धड उत्पन्न द्यायला त्याला पाच-सहा वर्षं लागतील. त्याच पाच वर्षांची बाग तुमच्या हातात उभी आहे. ती मोडायचा निर्णय एका चुकलेल्या बहरावरून घेऊ नका.

तर आत्ता काय करायचं. तुमचा प्रश्न मेच्या शेवटी आलाय, आभाळ यायला लागलंय. झाडावरची चेपलेली फळं तोडून टाका, काळी वाळकी बागेबाहेर नेऊन जाळा. शेंड्याची फूट चार बोटं खुडा, नवी फूट आणि तिच्यावर कळी निघेल. पाणी नियमित ठेवा, एकदम पूर आणि एकदम कोरडं असं करू नका. आणि एक प्रयोग करा. तीन झाडं निवडा, प्रत्येकावर वीस किलकिली फुलं शोधा. दहांना ब्रश लावून लाल दोरा बांधा, दहा तशीच ठेवून पांढरा दोरा बांधा. दहा-बारा दिवसांनी मोजा. धरलेल्या फुलाचा देठ जाड, हिरवा होतो आणि शंकू ज्वारीच्या दाण्याएवढा फुगतो. न धरलेलं तोवर गळून गेलेलं असतं, दोरा तेवढा काडीला राहतो.

लाल दोऱ्याची फुलं धरली आणि पांढऱ्याची गळली, तर मी वर लिहिलंय ते तुमच्या बागेला तंतोतंत लागू आहे. दोन्ही रंगांची बरीचशी धरली, तर हवाच बदललीय, तुम्ही पुढच्या वर्षी फक्त पाण्याची तारीख बदला. लाल दोऱ्याचीही गळाली, तर माझा अंदाज चुकला असं समजा. मग दोष मुळाशी आहे. खोडापासून दोन हातांवर फूटभर खोल खणून पांढरी मुळं आहेत का बघा, शेततळ्याचं पाणी आणि माती तपासून घ्या, आणि तो अहवाल, दोऱ्यांचे आकडे आणि मुळांचा फोटो इथं टाका. ते पाहून पुढचं बोलू.